पर्यावरणस्नेही तुरुंग: जुनाच वाढवावा की नवा बांधावा?

सातरस्तेकर

नमस्कार मंडळी,

आमचे घर मुंबईत सात रस्त्याजवळ आहे आणि आर्थर रोड तुरुंगाच्या भिंतीशेजारून माझी रोजची ये-जा असते. चाळीस वर्षांत त्या भिंतीकडे पाहून मला जे प्रश्न पडले, ते सगळे आत कोण आहे याबद्दलचे होते. आत पाणी किती लागते, स्वयंपाक कशावर होतो, मे महिन्यात बराकीत किती उकडते, हे प्रश्न मला कधी पडले नाहीत. ते पाडले माझ्या भाचीने. ती वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रबंधासाठी तिने मध्यवर्ती तुरुंगाचा पर्यावरणस्नेही विस्तार हा विषय निवडला आहे. मार्गदर्शकांनी विषय मान्य केला, पण एक प्रश्न विचारून तिला परत पाठवले: "छपरावर सौर पॅनेल बसवले की तुरुंग हिरवा होतो का?"

तिने जमवलेली माहिती थोडक्यात अशी. आर्थर रोडचा हा तुरुंग १९२०च्या दशकातला आहे. त्याची मंजूर क्षमता अनेक वर्षे ८०४ सांगितली गेली आणि आत असलेल्यांची संख्या कित्येकदा तीन हजारांच्या पुढे गेली. चहूबाजूंनी शहर दाटलेले असल्यामुळे आडवे पसरायला जागा नाही. म्हणून तिच्यासमोर दोन मार्ग आहेत: याच जागेवर उंच इमारत उभारणे, किंवा शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर नवा तुरुंग बांधणे. जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी लिहावे, ही विनंती. गाजलेल्या आरोपींची चर्चा कृपया इथे नको.

मिश्किलराव

मुख्य दरवाजा कोणत्या दिशेला असावा याबद्दल वास्तुशास्त्र काय सांगते, ते भाचीने आधी पाहावे. लवकर बाहेर पडण्याचा योग आणणारी एखादी दिशा सापडली, तर विस्ताराची गरजच उरणार नाही.

नकाशानवीस

मी पंचवीस वर्षे सरकारी इमारतींच्या नकाशांवर काम केले आहे. तुरुंग कधी केला नाही, परंतु रुग्णालये आणि वसतिगृहे केली आहेत आणि मुंबईच्या हवेत या तिन्हींचा मूळ प्रश्न एकच असतो: वारा.

मुंबईत उकाड्यापेक्षा दमट हवेचा त्रास अधिक होतो. अशा हवेत जाड भिंत फारसा दिलासा देत नाही, हवा आरपार वाहावी लागते. त्यासाठी बराकीची रुंदी कमी असावी, समोरासमोरच्या भिंतींत उघडी असावीत आणि गरम हवा निघून जायला छताजवळ झरोके असावेत. आदर्श कारागृह नियमावलीत (२०१६) सामूहिक बराकीतल्या प्रत्येक बंद्यासाठी, म्हणजे कैद्यासाठी, ३.७१ चौरस मीटर जमीन, १५.८३ घनमीटर हवा आणि १.१२ चौरस मीटर वायुवीजनाची उघडी, असा हिशेब दिलेला आहे, आणि एका बराकीत वीसपेक्षा अधिक माणसे नसावीत असेही सुचवलेले आहे. पर्यावरणस्नेही म्हणून वेगळे काही शोधण्याआधी एवढे जरी काटेकोर पाळले, तरी पंख्यांवरचा भार निम्म्यावर येईल, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट बांधकामसाहित्याची. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे, आणि तुरुंगाइतके काँक्रीट खाणारी दुसरी वास्तू क्वचितच असेल, कारण तिथे भिंत केवळ आडोशासाठी नसते. वीजकेंद्रातली राख मिसळलेले किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी (स्लॅग) मिसळलेले सिमेंट वापरून हा भार बराच कमी करता येतो आणि खाऱ्या हवेत मळीचे सिमेंट टिकतेही चांगले. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेली, विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी सोडणारी बांधणी सुमारे पाव विटा वाचवते, पण ती कार्यालयांना आणि कर्मचाऱ्यांच्या घरांना वापरावी. बराकीला पोकळ भिंत सुचवली, तर तुरुंग अधीक्षक भाचीचा नकाशा दुसऱ्यांदा उघडणार नाहीत.

आणि एक विनंती. जुन्या दगडी किंवा विटांच्या बराकी पाडण्याआधी त्यांचा विचार करावा. उभ्या असलेल्या भिंतीसाठी जाळायचे ते इंधन शंभर वर्षांपूर्वीच जाळून झालेले आहे. ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग अजूनही त्या किल्ल्यातच चालतो, जो पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. त्यापेक्षा जुना पुनर्वापर महाराष्ट्रात कुठे दाखवता येईल?

करदाता

सगळे वाचून आश्चर्य वाटले. लालबागच्या चाळीत १८० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सहा जण राहिलो आणि आमच्या वायुवीजनाचा हिशेब कोणी केला नाही. माझा कर अशा लोकांना वारा मिळावा म्हणून खर्च व्हावा, हे मला पटत नाही. शाळांवर सौर पॅनेल लावा, रुग्णालयांवर लावा आणि मग उरले तर तुरुंगावर लावा.

काळाकोटकर

करदाता, आपला राग समजू शकतो, पण "अशा लोकांना" या शब्दांपाशी थांबावे लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यांतले काही निर्दोष सुटतील, काहींना शिक्षा होईल, आणि काही जण शिक्षा झाली असती तरी एव्हाना बाहेर आले असते इतका काळ आत घालवून झालेले आहेत.

मी सत्र न्यायालयात वकिली करतो. पाच-दहा हजार रुपयांच्या जामिनासाठी जामीनदार मिळत नाही म्हणून महिनोन्महिने आत राहिलेले अशील माझ्याकडे आहेत. त्यामुळे भाचीला माझे म्हणणे असे आहे की तिच्या विषयातला "विस्तार" हा शब्दच आधी तपासावा. उड्डाणपूल बांधला की वाहने वाढतात, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. बराकींचेही तसेच होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू आहे. ती मनापासून राबवली, तर किती बराकी रिकाम्या होतील याचा हिशेब प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात यायला हवा. जी बराक बांधावी लागली नाही, तिला सिमेंटही लागत नाही.

पाणीमोजणी

मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो. काळाकोटकर यांनी जे कायद्याच्या बाजूने सांगितले, तेच मी बादलीच्या बाजूने सांगतो.

नियमावलीत दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरलेले आहे. ८०४ माणसांसाठी रोजचे पाणी १,०८,५४० लिटर होते. त्याच टाक्या, त्याच नळवाहिन्या आणि तेच सांडपाणी केंद्र ठेवून आत तीन हजार माणसे आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६ लिटर येतात. नकाशानवीस यांच्या ३.७१ चौरस मीटरचेही हेच होते. त्या हिशेबाने माणशी एक चौरस मीटरही उरत नाही. सांडपाणी केंद्रातले जिवाणू ठरावीक भाराला काम करतात. चौपट मैला आला की ते केंद्र नुसते पाणी ढवळत बसते आणि वास येऊ लागला की कोणीतरी ते बंद करून थेट गटारात जोड देतो. अशा जोडण्या मी स्वतः उघड्या केलेल्या आहेत, तुरुंगात नव्हे, इतरत्र. म्हणून मी कोणत्याही हरित इमारतीच्या मानांकनावर एक अट घालीन: ते मंजूर संख्येपुरतेच वैध असावे.

आता पावसाविषयी. मुंबईत महापालिकेने २००२ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले आणि पुढे ती मर्यादा आणखी खाली आणली. वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर ५,००० चौरस मीटर छपरावर एक कोटी लिटर पाणी पडते; गळती आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी वजा करून ऐंशी लाख लिटर हाती येईल. हजार माणसांना ते जेमतेम दोन महिने पुरते, आणि ते सगळे साठवायचे तर चाळीस मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि चार मीटर खोल टाकी लागेल. त्यामुळे पावसाने तुरुंग स्वावलंबी होईल, असे भाचीने लिहू नये. त्यापेक्षा मोठी बचत आंघोळीच्या आणि कपडे धुण्याच्या पाण्यात आहे. १३५ पैकी ४५ लिटर शौचालयासाठी धरलेले असतात आणि तेवढे सगळे गाळून घेतलेल्या आंघोळीच्या पाण्यातून भागवता येते. एकतृतीयांश मागणी तिथेच वाचते.

भत्ता_आठवतो

हे खाते मी वेगळे उघडले आहे. एका आर्थिक प्रकरणात मी राज्यातल्या एका मध्यवर्ती तुरुंगात सात महिने कच्चा कैदी होतो आणि नंतर निर्दोष सुटलो. तुरुंगाचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगतो आहे ते त्या एकाच तुरुंगाचे नसावे.

माझ्या बराकीत वारा येण्याची सोय बांधणाऱ्याने उत्तम केलेली होती. दोन्ही बाजूंना उंच गजांच्या खिडक्या होत्या. त्या खिडक्यांच्या गजांना लंगोटापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांपर्यंत सगळे टांगलेले असे, कारण सामान ठेवायला दुसरी जागा नव्हती. पावसाळ्यात झड आत येई म्हणून गज गोण्यांनी बांधून टाकत. म्हणजे नकाशातला वारा माणसांच्या बोचक्यांनी अडवला होता. प्रत्येकाला एक लहान बंद कप्पा आणि खिडकीवर रुंद छज्जा एवढे जरी दिले, तरी त्या खिडक्या खिडक्या राहतील. हे कोणत्याही मानांकनाच्या यादीत असेल असे वाटत नाही.

पाण्याबद्दलही एक सांगतो. सकाळी हौदावर पाणी ठरावीक वेळ येई. ते जाईल या भीतीने प्रत्येक जण मिळेल ते भांडे भरून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी नवे पाणी आले की आदल्या दिवशीचे ओतून देई. एवढी टंचाई आणि एवढी नासाडी मी एकाच ठिकाणी पुन्हा पाहिली नाही. पाणी दिवसभर थोडे थोडे मिळाले असते, तर निम्म्यात भागले असते. दिवे रात्रभर चालू असत, ते पहाऱ्यासाठी आवश्यक आहे हे समजते. पंखे मात्र जुने होते, गरम हवा फिरवत आणि वीज खात.

करदाता यांना एवढेच: १८० चौरस फुटांत सहा म्हणजे माणशी तीस चौरस फूट. मला त्याहून कमी मिळत होते. शिवाय तुमच्या खोलीचे दार आतून उघडत होते.

करदाता

भत्ता_आठवतो, आपण निर्दोष सुटलात याचा आनंद आहे आणि माझे शब्द आपल्याला लागले असतील तर क्षमस्व. परंतु खर्चाचा प्रश्न मी मागे घेत नाही. पंख्यांचे उदाहरण मला पटले, कारण त्यात पैसा वाचतो. नव्या प्रकारचा पंखा तीसेक वॅटमध्ये चालतो आणि जुना पंचाहत्तर वॅट घेतो, हे माझ्या घरच्या बिलात मी पाहिले आहे. जे बिलात दिसेल ते करावे, एवढीच माझी भूमिका आहे.

गोबरगॅसप्रेमी

मग बिलात दिसणारी आणखी एक गोष्ट. रवांडात वंशसंहारानंतर तुरुंग प्रचंड भरले होते आणि स्वयंपाकासाठी आसपासचे डोंगर बोडके होत होते. तिथल्या किगाली विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने तुरुंगांच्या आवारात जमिनीखाली घुमटाकार बायोगॅस टाक्या बांधल्या, मैला तिकडे वळवला, आणि सरपणाचा वापर जवळपास निम्म्यावर आला. २००५ मध्ये या कामाला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ॲशडेन पुरस्कार मिळाला. टाक्या बांधायला कैदीच शिकले आणि काही जण सुटल्यावर तोच व्यवसाय करू लागले. आपल्याकडे तर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांच्या 'निसर्गऋण' प्रकल्पाचे तंत्र तुरुंगापासून काही किलोमीटरवरच जन्मले. ओला कचरा आणि मैला दोन्ही हाती असलेली, संख्या ठरलेली आणि स्वयंपाकघर एकच असलेली दुसरी वास्तू शोधून सापडणार नाही.

पाणीमोजणी

उत्साह योग्य आहे, पण आकडा सांगून ठेवतो. माणशी रोज साधारण एक घनफूट गॅस धरतात. हजार माणसांचा हजार घनफूट, म्हणजे अठ्ठावीस घनमीटर. तो घरगुती गॅसच्या बारा किलोंच्या आसपास जातो. म्हणजे हजार माणसांच्या मैल्यातून दिवसाला एक सिलिंडरसुद्धा पूर्ण भरत नाही. भाजीची देठे, उरलेला भात आणि डाळ मिसळली तर गॅस वाढेल. चहा निघेल, हजारांचा भत्ता, म्हणजे तुरुंगातले जेवण, त्यावर शिजणार नाही.

मुलाखतखिडकी

मी भायखळ्याच्या महिला तुरुंगात एका संस्थेमार्फत काही वर्षे जात होते. बायोगॅसचा प्रस्ताव मला आवडला, तरी त्यातला एक प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून लिहिते: ती टाकी साफ कोण करणार?

आपल्याकडच्या तुरुंगांत झाडूकाम आणि संडाससफाई कोणाला द्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्या आडनाव पाहून ठरवले गेले आणि काही राज्यांच्या नियमपुस्तकांत तसे छापलेलेही होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आता तिथेच हिरव्या उपक्रमाच्या नावाने मैल्याचे नवे काम निर्माण झाले, तर ते पुन्हा त्याच माणसांच्या अंगावर पडण्याची भीती मला वाटते. भाचीने टाकीचे तोंड, गाळ काढण्याची यांत्रिक सोय आणि तिथे काम करणाऱ्याचे वेतन, हे सगळे नकाशाच्या टिपणीत लिहावे. रवांडात जे शिक्षण ठरले, ते इथे शिक्षा ठरू नये.

महिला तुरुंगाबद्दल आणखी दोन मुद्दे आहेत. वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची विल्हेवाट हा तिथला रोजचा प्रश्न आहे आणि तो कोणत्याही आराखड्यात शेवटच्या पानावर असतो. दुसरे म्हणजे सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर आत राहू शकतात. त्यांच्यासाठी मातीचा एक तुकडा लागतो. झाड नियमानुसार भिंतीजवळ चालत नाही, हे मला सांगितले गेले आणि ते मान्य आहे. पण आवाराच्या मधोमध एक झाड असायला कोणाची हरकत असेल? भिंतीपासून दूर असलेल्या झाडावर चढून कोणी पळाल्याचे मी तरी ऐकले नाही.

यॉर्कवासी

मी मूळची दादरची, सध्या इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ राहते. इथे २०२५ मध्ये मिलसाइक नावाचा तुरुंग सुरू झाला. सुमारे दीड हजार बंद्यांची सोय आहे आणि तो संपूर्ण विजेवर चालतो; गॅसचा बॉयलर नाही, उष्णतेचे पंप आणि सौर पॅनेल आहेत. पण तो बांधला जात असतानाच, सप्टेंबर २०२४ मध्ये, जागा नाही म्हणून सरकारला अनेक बंद्यांना शिक्षेचा ४० टक्के भाग भोगून झाल्यावरच सोडावे लागले होते. म्हणजे इथेही इमारत हिरवी आणि आतली गर्दी जुनीच, असे चालू आहे.

नॉर्वेतल्या बास्टॉय बेटावरचा तुरुंग नेहमी दाखवला जातो. तिथे बंदी शेती करतात, जनावरे सांभाळतात, लाकडे फोडतात. बेटावर शंभराच्या आसपासच माणसे आहेत, हे मात्र सांगायचे राहून जाते.

काळाकोटकर

बास्टॉयसाठी इतक्या दूर जायला नको. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत औंध संस्थानच्या काळात १९३९ मध्ये सुरू झाली. कैदी उघड्यावर राहून शेती करत आणि पहाऱ्याला भिंत नव्हती. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर काम करतात आणि संध्याकाळी हजेरीला येतात. मुक्त तुरुंगाला ना वीस फुटी भिंत लागते, ना रात्रभर जळणारे दिवे, ना शेकडो पहारेकरी. पर्यावरणाच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त रचना नाही आणि आपल्याकडे ती पंचाऐंशी वर्षे पडून आहे. अडचण एवढीच की तिथे बहुधा शिक्षा झालेल्यांनाच पाठवतात, आणि मुंबईची गर्दी कच्च्या कैद्यांची आहे.

मिश्किलराव

थोडे विषयांतर. क्षमतेच्या चौपट भरलेली वास्तू आणि तिच्या शेजारी शेवटचे स्थानक असलेली, वर्षानुवर्षे रिकामी धावलेली मोनोरेल, हे दृश्य फक्त सात रस्त्यालाच पाहायला मिळाले. नियोजनकारांनी प्रवासी आणि बंदी यांच्या अंदाजांचे कागद अदलाबदल केले असावेत.

खाडीकाठ

मी मानखुर्दला राहतो. इथल्या परिसरात दुसरा मोठा तुरुंग बांधण्याची चर्चा बरीच वर्षे ऐकतो आहे, म्हणून सातरस्तेकर यांच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल लिहितो.

"शहराच्या कडेची मोकळी जमीन" हे शब्द नकाशात निरुपद्रवी दिसतात. देवनारचे डम्पिंग १९२७ पासून आमच्या उशाला आहे. रुग्णालयांचा कचरा जाळण्याची सोय आमच्याकडेच झाली. प्रकल्पग्रस्तांच्या दाटीवाटीच्या इमारतीही आमच्याकडेच आल्या. शहराला जे जे डोळ्यांसमोर नको असते, ते आमच्याकडे येते, आणि आता त्यावर हिरवा रंग देऊन तुरुंग येणार असेल, तर आम्हाला आनंद होणार नाही. एका बाजूला खाडी आहे, तिच्या कडेला तिवरे, म्हणजे खारफुटी आहे. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तिवरांपासून पन्नास मीटर मोकळे ठेवायचे आहेत. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की आमच्याकडचे पाणी निघत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोक घरे सोडून वरच्या मजल्यांवर गेले. कुलूपबंद बराकीतला माणूस स्वतःहून वर जाऊ शकत नाही, हे नकाशा काढताना लक्षात ठेवावे लागेल. खाडीकाठी तळमजल्यावर बराक काढणे मी गुन्हा समजतो.

नकाशानवीस

खाडीकाठ यांचा मुद्दा मोलाचा आहे आणि तळमजल्यावर फक्त कार्यशाळा, गोदामे व वाहनतळ ठेवावा, ही सूचना मी उचलून धरतो. त्याला जमिनीच्या हिशेबाची जोड देतो. नियमावलीत तुरुंगाच्या आवाराची जागा माणशी ८३.६१ चौरस मीटर सांगितली आहे आणि जमीन टंचाईची असेल तिथे किमान ६२.५ चौरस मीटर. हजार माणसांना टंचाईच्या मापानेही साडेपंधरा एकर जागा लागते. अशी जागा मुंबईत एक तर खाडीलगत आहे किंवा कोणाच्या तरी डोक्यावरचे छप्पर काढून मिळेल.

मग उंच जावे काय? शिकागोत १९७५ पासून अठ्ठावीस मजली त्रिकोणी तुरुंग उभा आहे. त्याच्या खिडक्या पाच इंच रुंदीच्या आहेत आणि व्यायामाचे पटांगण गच्चीवर आहे. पाच इंचांच्या खिडकीतून मुंबईत वारा येणार नाही. मग वातानुकूलन आले, उद्वाहने आली आणि पाणी वर चढवण्याचे पंप आले. वीज गेली की सगळी इमारत बंद डबा होते. माझ्या मते तळमजला अधिक तीन किंवा चार मजले, ही मुंबईच्या तुरुंगाची सोयीची उंची आहे. तेवढ्या छपरावर पॅनेलही अर्थपूर्ण ठरतात: दहा चौरस मीटरला एक किलोवॅट आणि दिवसाला सुमारे चार युनिट. वीस मजल्यांच्या डोक्यावरची पॅनेल उद्वाहनांनाही पुरणार नाहीत.

आपल्याकडच्या बराकींतल्या उजेडाचा प्रश्न, जाता जाता, लंडनच्या न्यायालयालाही पडला होता. २०१८ मध्ये एका प्रत्यार्पणाच्या सुनावणीत आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ मध्ये नैसर्गिक उजेड किती येतो हे पाहण्यासाठी तिथल्या न्यायाधीशांनी चित्रफीत मागवली होती. नाव घेत नाही, धागाकर्त्यांची अट आहे.

मुलाखतखिडकी

दूरच्या तुरुंगाचा एक खर्च कोणी मोजलेला नाही. तळोज्याला असलेल्या मुलाला भेटायला मालवणीहून येणारी आई पहाटे निघते, लोकल, मग बस किंवा रिक्षा, आणि संध्याकाळी परतते. मुलाखत काही मिनिटांची असते. पोलिसांच्या गाड्या रोज आरोपींना घेऊन न्यायालयात जातात आणि पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परत येतात. हे डिझेल तुरुंगाच्या बिलात दिसत नाही. तुरुंग शहरात असणे हाही पर्यावरणाचा मुद्दा आहे, असे माझे ठाम मत आहे.

भाचीला वॉशिंग्टन राज्यातल्या 'सस्टेनेबिलिटी इन प्रिझन्स' या उपक्रमाबद्दलही वाचायला सांगा. नलिनी नाडकर्णी या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बंद्यांबरोबर शेवाळ वाढवण्याचे प्रयोग सुरू केले आणि पुढे दुर्मीळ बेडूक व फुलपाखरे तुरुंगाच्या आवारात वाढवून बाहेर सोडली गेली. ओरेगनमधल्या एका तुरुंगात एकांतवासातल्या बंद्यांना निसर्गाची चित्रे दाखवली, तेव्हा हिंसक वर्तनाच्या घटना सुमारे २६ टक्के कमी आढळल्या. आपल्याकडे खाडीकाठच्या तिवरांची रोपवाटिका बंद्यांनी का चालवू नये?

खाडीकाठ

रोपवाटिका आनंदाने चालवावी. तिवरांवर काँक्रीट ओतून झाल्यावर त्यांचीच रोपे विकू नयेत, एवढीच अट.

सातरस्तेकर

सर्वांचे आभार. भाचीने सगळे प्रतिसाद छापून काढले आणि पाणीमोजणी यांच्या ३६ लिटरवर लाल रेघ मारली.

तिने विषय बदललेला नाही, पण विस्तार कमी केला आहे. जागा सात रस्त्याचीच ठेवली आहे. जुन्या बराकींपैकी शक्य तितक्या ठेवून मधल्या जागेत तळमजला अधिक तीन मजले अशी एकच नवी इमारत आहे आणि एकूण क्षमता तिने फार न वाढवता हजारावर गोठवून दाखवली आहे. ६२.५ चौरस मीटरचे माप इथे बसत नाही, हे तिने नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. दरवाजाला लागून जामीन आणि कायदेशीर मदतीचा कक्ष तसेच दूरदृश्य सुनावणीच्या खोल्या आहेत. काळाकोटकर यांच्या म्हणण्यावरून तिने या कक्षाला आणि खोल्यांना इमारतीच्या ऊर्जा-बचतीच्या तक्त्यात स्थान दिले, त्यावर मार्गदर्शक हसले आणि तक्ता तसाच ठेवायला सांगितला. खिडक्यांना रुंद छज्जे आहेत, प्रत्येकाला कप्पा आहे. झाड मधोमध आहे. बायोगॅस चहापुरता आहे. पावसाच्या पाण्याची टाकी पटांगणाखाली घेतली आहे. करदाता यांच्यासाठी शेवटच्या पानावर पंख्यांच्या बिलाचा हिशेब आहे.

पाणीमोजणी

टाकी पटांगणाखाली घेतली ते ठीक. तिचा ओव्हरफ्लो कुठे सोडला आहे? बाहेरच्या रस्त्याखालची पावसाळी गटारे भरतीच्या वेळी भरलेली असतील, तर पाणी उलटे बराकीकडे येईल. नळीची पातळी किती धरली आहे?

सातरस्तेकर

तिला विचारून उद्या लिहितो. आत्ता फोन उचलत नाही. बहुधा तेच तपासत असावी.